विभागप्रमुखपद सोडून पुन्हा ताळमेळाच्या टेबलावर

मूळ लेख : किर्द_खतावणी

आठ महिन्यांपूर्वी मी हिशेब विभागाच्या प्रमुखपदावरून स्वतःहून बाजूला झाले आणि ज्या ताळमेळाच्या टेबलावर पूर्वी तेरा वर्षे काढली होती, तिथेच परत जाऊन बसले. निर्णय माझा होता. कोणी भाग पाडले नव्हते आणि व्यवस्थापनानेही फारसे आढेवेढे न घेता तो मान्य केला. तरीही या आठ महिन्यांत "तुला आता पुढे जायचे नाही का?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, आणि सर्वांत जास्त वेळा तो मी स्वतःलाच विचारला. त्याचे धड उत्तर मला अजून देता आलेले नाही. इथे निरनिराळ्या क्षेत्रांत नोकरी करणारी माणसे आहेत, म्हणून सगळे सविस्तर मांडते.

आधी कामाविषयी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. महिनाअखेरीस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे अशा दोन बाजूंच्या बाक्यांची यादी, जुळली नाही की त्या दोन बाजूंच्या बेरजांमधला फरक शोधायचा, हे माझे काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते रूक्ष वाटते, पण फरकाचा आकडाच पुष्कळदा चुकीचा माग सांगत असतो. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर कोणाच्या तरी हातून दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी असते. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधून पाहावी, कारण जमेची रक्कम चुकून नावेच्या बाजूला पडली की फरक दुप्पट येतो. एकदा फरक ५,४०० आला होता. नवाने भागल्यावर ६०० आले, म्हणजे अदलाबदल हजाराच्या आणि शेकड्याच्या घरातली, आणि त्या दोन अंकांमधले अंतर सहाचे. एवढे कळले की शेकडो नोंदी वाचाव्या लागत नाहीत. त्या दोन घरांत आठ-दोन, सात-एक, नऊ-तीन किंवा सहा-शून्य असे अंक शेजारी शेजारी असलेल्या नोंदी तेवढ्या पाहायच्या. किर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, ८,२१५ होते आणि खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, २,८१५ उतरले होते. संगणक आल्यापासून बेरजा चुकत नाहीत हे खरे, पण बाहेरून आलेला आकडा हाताने भरणारा माणूस आजही तसाच चुकतो, आणि ती चूक हुडकून काढल्यावर मला जे समाधान मिळते ते इतक्या वर्षांत यत्किंचितही कमी झालेले नाही.

तेरा वर्षांनंतर वार्षिक आढाव्याच्या बैठकीत मला विभागप्रमुखपद देऊ केले गेले आणि मी तिथल्या तिथे होकार दिला. त्या होकारामागे काय होते हे आता तपासून पाहते, तेव्हा लक्षात येते की त्या पदावरच्या माणसाला दिवसभर काय करावे लागते, याचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या मनात एवढेच होते की मला विचारले गेले आहे. माझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या दोघांना विचारले गेले नव्हते.

पहिले वर्ष शिकण्यात गेले, त्याविषयी तक्रार नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मात्र एक प्रसंग घडला आणि तो अजून मनातून जात नाही. वर्षअखेरीची तेरीज जुळत नव्हती. विभागातला एक तरुण सहकारी संध्याकाळपासून फरक शोधत होता. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, कागदावरचा आकडा पाहिला आणि माझा हात आपोआप पुढे गेला. त्याच्यासमोरचा कागद मी ओढून घेतला, पेन्सिलही घेतली, आणि दहा मिनिटांत चूक दाखवून दिली. तो "धन्यवाद, मॅडम" म्हणाला. त्याचा चेहरा पाहिल्यावर मला कळले की मी त्याची मदत केलेली नाही, तर चार तास त्याने ज्याचा पाठलाग केला होता ते त्याच्या हातातून काढून घेतले आहे. आणि हे करताना माझे स्वतःचे काम तसेच पडून होते. विभागाला आणखी एक माणूस हवा, ही मागणी लेखी मांडून वरच्या बैठकीत लावून धरायची, असे मी सर्वांना सांगितले होते. त्या टिपणाचा मसुदा दीड महिना माझ्या खणात अर्धवट होता. भांडण मला जमत नाही, वाटाघाटी जमत नाहीत, म्हणून मी जे जमते तिकडे पळत होते आणि त्यालाच कष्ट समजत होते.

आणखी वर्षभराने मी पद सोडले.

या काळात 'महत्त्वाकांक्षा' या शब्दावर मी पुष्कळ विचार केला. महत्त्व अधिक आकांक्षा, म्हणजे मोठेपणाची इच्छा. त्यात काम कुठेच नाही. मोठेपण मोजायला तर दुसरा माणूस लागतो. लॅटिनमधल्या ज्या 'अँबिटिओ' शब्दावरून इंग्रजी 'अँबिशन' हा शब्द आला, त्याचाही मूळ अर्थ भोवती फिरणे असा आहे. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे उमेदवार मते मागत फिरत, त्या फिरण्याला हा शब्द होता. दोन भाषांतल्या या दोन्ही शब्दांत आपण लोकांच्या नजरेत कसे दिसतो याचीच चिंता आहे. काम अधिक चांगले करावे, ते अधिक खोलात जाऊन समजून घ्यावे, ही जी इच्छा असते तिच्यासाठी आपण 'ध्यास' म्हणतो, 'आस' म्हणतो, पण आढाव्याच्या अर्जात त्या शब्दांसाठी रकाना नसतो. तिथे 'पुढील अपेक्षित पद' असा रकाना असतो.

मला ध्यास होता आणि आहे. महत्त्वही हवे होते, ते नाकारत नाही. माझी चूक अशी झाली की एकाची भूक दुसऱ्याने भागेल असे मी धरून चालले. आता माझा प्रश्न हा आहे की कामाच्या ठिकाणी आपली भूमिका कोणती, हे आपण कशावरून ठरवता? पदावरून, की आपण नसलो तर काय अडेल त्यावरून? आणि मी जे केले त्यात समंजसपणा किती आणि पळ काढणे किती, हेही स्पष्टपणे सांगावे.

प्रतिसाद १ : दुसरी_पाळी

स्पष्टपणे सांगावे असे आपण लिहिले आहे, म्हणून सांगतो. मी उत्पादन विभागात पर्यवेक्षक आहे आणि आपल्या लेखातील एका वाक्याशी अडून राहिलो आहे: टिपणाचा मसुदा दीड महिना खणात होता. आपल्या सहकाऱ्याच्या हातातून पेन्सिल घेतली याचे आपल्याला इतके दुःख आहे, पण माझ्या मते त्याचे खरे नुकसान त्या खणात झाले. पेन्सिल घेतल्याचा सल दोन दिवसांत जातो. दोन माणसांचे काम एकट्याने करणे वर्षानुवर्षे चालते.

ज्यांना काम कळते, ज्यांना आपली चूक दिसते आणि दुसऱ्याचा चेहरा वाचता येतो, तीच माणसे "हे आपल्याला जमत नाही" म्हणून बाजूला होतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. खुर्ची मात्र रिकामी राहत नाही. तिथे असा माणूस येतो ज्याला ही शंका कधी शिवलेलीच नसते, आणि त्याच्या हाताखालच्यांना ते भोगावे लागते. वाटाघाटी कोणालाच जन्मतः जमत नाहीत. पहिल्या बैठकीत माझा आवाज इतका कापत होता की समोरच्याने मला पाणी दिले. आज मी पाळीतल्या विश्रांतीच्या वेळेसाठी अर्धा तास न थकता बोलू शकतो, कारण ते मला माझ्यासाठी मागायचे नसते.

म्हणून माझे उत्तर असे आहे की आपली भूमिका केवळ आपल्या आवडीवरून ठरत नाही, आपल्यावर कोण अवलंबून आहे त्यावरूनही ठरते. आपण बाजूला झालात हे चूक असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या जागी कोण आले आणि त्या टिपणाचे काय झाले, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने निवाडा त्यावर अवलंबून आहे.

प्रतिसाद २ : मागचा_बाक

लेखिकेने जे अनुभवले त्याला १९६९ पासून नाव आहे. लॉरेन्स पीटर यांनी मांडलेल्या 'पीटर तत्त्वा'नुसार, उतरंडीच्या संस्थेत माणूस चांगले काम केले म्हणून वर सरकत जातो आणि जिथे त्याला काम जमत नाही अशा पदावर जाऊन थांबतो. हे पुष्कळ वर्षे विनोद म्हणून सांगितले जात असे. पुढे बेन्सन, ली आणि शू या तीन अभ्यासकांनी विक्री विभागातील कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तम विक्रेत्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, परंतु बढतीपूर्वी ज्यांची विक्री जितकी जास्त, तितकी त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी पुढे खालावलेली दिसली. ज्यांना पूर्वी इतरांबरोबर मिळून विक्री करण्याचा अनुभव होता, ते प्रमुख म्हणून अधिक चांगले ठरले.

यावरून मला वाटते की दोष एकट्या लेखिकेचा नाही. तेरा वर्षे एकटीने फरक शोधणाऱ्या व्यक्तीला त्याचे बक्षीस म्हणून माणसे सांभाळायला देणे, हा बढती देणाऱ्यांच्या विचारातला घोटाळा आहे. काही संस्थांमध्ये तज्ज्ञांसाठी वेगळी श्रेणी असते, तिथे माणसांवर अधिकार नसतानाही वेतन आणि मान वाढत जातो. ती जिथे नाही तिथे कौशल्याची कदर करण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे त्या कौशल्यापासून माणसाला दूर नेणे.

प्रतिसाद ३ : उंबरठ्यावर

मला नोकरीला लागून चार वर्षे झाली. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" हा प्रश्न मला प्रत्येक मुलाखतीत आणि प्रत्येक आढाव्यात विचारला गेला आहे आणि मी प्रत्येक वेळी पाठ केलेले उत्तर दिले आहे. खरे उत्तर असे आहे की मला माझे आजचे काम नीट येऊ लागले आहे आणि मला ते आणखी काही वर्षे करायचे आहे. हे बोलून दाखवले तर माझ्यात धमक नाही असा अर्थ काढला जाईल, ही भीती असते. माझ्याबरोबरचे दोघे जण पुढच्या श्रेणीत गेले, त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी विचार केला तेव्हा मला त्यांचे काम नकोच होते. मग रडू कशाचे येत होते? लेखातले "मला विचारले गेले आहे" हे वाक्य वाचल्यावर उत्तराचे टोक हाती आल्यासारखे वाटले.

तेरा वर्षे एकाच टेबलावर असताना आपण मागे पडत आहोत असे आपल्याला कधी वाटले नाही का?

प्रतिसाद ४ : तिसरी_यादी

वरील सर्व प्रतिसाद मन लावून वाचले. लेखिकेच्या प्रामाणिकपणाविषयी मला आदर आहे, पण माझी बाजू वेगळी आहे आणि ती मांडल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही असे वाटते. पद नाकारण्याचे किंवा सोडण्याचे स्वातंत्र्य ज्याला ते देऊ केले जाते त्यालाच असते. माझ्या संस्थेत गेल्या अकरा वर्षांत तीनदा बढतीची यादी लागली आणि तिन्हींत माझे नाव नव्हते. कारण विचारले तेव्हा पहिल्यांदा "पुढच्या वेळी" असे उत्तर मिळाले, दुसऱ्यांदा "आपण आहात तिथे अत्यंत उपयुक्त आहात" असे, आणि तिसऱ्यांदा मी विचारले नाही. "कामातच समाधान माना" हा उपदेश बहुतेक वेळा वरून खाली येतो, हे आपण सर्वांनी लक्षात घ्यावे.

पदाची इच्छा म्हणजे केवळ मोठेपणाची हौस, हेही मला मान्य नाही. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यातील कोणीही अन्नाला महाग नव्हता, सर्वांची नोकरी कायम होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतील पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळला. धूम्रपान, रक्तदाब अशा कारणांनी या तफावतीचा काही भागच उलगडत होता. १९८५ मध्ये स्त्रियांनाही सामावून घेणारा दुसरा अभ्यास सुरू झाला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात असे दिसले की ज्यांच्या हाती स्वतःच्या कामावरचे नियंत्रण कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. काम कोणत्या क्रमाने करायचे, कधी थांबायचे, कोणती पद्धत वापरायची, हे दुसऱ्याने ठरवणे अंगावर निघते.

मला खुर्ची हवी होती ती यासाठी. माझ्या विभागात एक नोंदवही गेली अनेक वर्षे दोनदा लिहिली जाते. ती एकदाच लिहून भागेल हे मी तीन वेळा सुचवले आहे. ते बदलण्याचा अधिकार माझ्याहून एक श्रेणी वर असलेल्या माणसाला आहे आणि त्याला त्या वहीत रस नाही. रोज दुपारी मी तीच ओळ दुसऱ्यांदा लिहितो.

प्रतिसाद ५ : किर्द_खतावणी

उत्तर द्यायला चार दिवस लागले. 'तिसरी_यादी' यांच्या प्रतिसादातील शेवटची ओळ वाचल्यावर लगेच काही लिहिणे मला शक्य झाले नाही.

त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते आणि माझ्या मूळ लेखात दुरुस्ती करते. मी मोठेपणाची इच्छा आणि कामाचा ध्यास अशी दोनच खाती उघडली होती. तिसरे खाते राहून गेले, आपल्या कामाविषयी आपला शब्द चालावा ही इच्छा. ती मला कधी वेगळी जाणवली नाही, कारण माझ्या टेबलावर ती तेरा वर्षे आपोआप भागत होती. फरक कसा शोधायचा हे मला कोणीही सांगत नव्हते. 'उंबरठ्यावर' यांनी विचारले आहे की मागे पडल्यासारखे वाटले नाही का. वाटत असे, बरोबरीच्या कोणाची बढती जाहीर झाली की दोन-तीन दिवस हमखास वाटत असे आणि मग महिनाअखेर येई. आता कळते की ते दिवस सरत, कारण माझ्या कामात माझा शब्द शेवटचा होता. जिथे तो नसतो तिथे ते दिवस सरत नसतील, आणि तिथल्या माणसाला मी 'ध्यास' हा शब्द सुचवणे योग्य नव्हते. आपले आजचे काम आणखी काही वर्षे करायचे आहे, हे आढाव्यात सांगताना 'उंबरठ्यावर' यांनी त्याच्या जोडीला त्या कामात कोणता निर्णय आपल्याकडे सोपवला जावा, हेही मागावे असे मला सुचवावेसे वाटते. पद न मागता असा निर्णय मागता येतो, हे मला चौथ्या किंवा पाचव्या वर्षी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

'मागचा_बाक' यांनी दोष संस्थेकडे नेला याबद्दल आभार, पण तो सगळाच तिकडे जात नाही. होकार मी दिला होता.

'दुसरी_पाळी' यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी द्यायलाच हवीत. माझ्या जागी बाहेरून एक गृहस्थ आले आहेत. त्यांना ताळमेळातले बारकावे कळत नाहीत आणि ते तसे सांगतात. बैठकीत मात्र ते न कचरता बोलतात. टिपण मी पद सोडताना त्यांच्याकडे अर्धवटच सोपवले होते, ही गोष्ट मी मूळ लेखात लिहिली नाही, कारण लिहायची लाज वाटली. आपण अचूक तिथेच बोट ठेवलेत. प्रतिसाद वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि ते टिपण आपण दोघांनी मिळून पुरे करू असे म्हटले. कोणत्या महिन्यात किती नोंदी आल्या, त्यातल्या किती दुरुस्त कराव्या लागल्या आणि त्या दुरुस्तीला किती तास गेले, याचे तीन वर्षांचे आकडे माझ्याकडे आहेत. मांडणी त्यांची आणि आकडे माझे. ते टिपण काल वर गेले. मागणी मंजूर होईलच असे नाही, पहिल्या फेरीत बहुधा होणार नाही, असे त्यांनीच सांगितले आहे आणि दुसऱ्या फेरीसाठी मला बैठकीत बरोबर यायला सांगितले आहे. मी जाईन.

तो तरुण सहकारी आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. काल संध्याकाळी तो कागद घेऊन आला, २७० चा फरक होता आणि सापडत नव्हता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नवाने भाग जातो का ते पाहायला सांगितले. त्याने कागदाच्या कडेला भागाकार मांडला, तीस आले, थोडा वेळ आकड्याकडे पाहत राहिला आणि मग काही न बोलता आपल्या टेबलाकडे परत गेला.